चार वाजताची कुमुद

“टीपॉय उचल गं,” आई म्हणाली.

ती सोफ्याच्या कडेवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. पांढरे कॅनव्हासचे बूट, शाळेतल्या मुलांचे असतात तसे. तिनं दुहेरी गाठ मारली, ओढून पाहिली, आणि उभी राहून जागच्या जागी उड्या मारल्यासारखं केलं. उड्या कसल्या, टाचा तेवढ्या उचलल्या गेल्या.

“कालच्यासारखा अर्धवट नको. पार भिंतीला लाव. नडगीला लागलं माझ्या.”

“मग कमी पळावं माणसानं.”

“टेबल टेनिस कमी पळून खेळतात होय?”

मी टीपॉय भिंतीला लावला. त्यावरची कादंबरी उचलून कपाटावर ठेवली. ती मी कॉलेजच्या लायब्ररीतून आणली होती, आम्हा दोघींसाठी. मी तिथं ग्रंथपाल होते. साडेतीनला सुटायचे आणि चारला आमचा चहा व्हायचा. बाबा गेल्यापासून, म्हणजे मी कायमची सांगलीला आईकडे राहायला आल्यापासून, त्या चहाबरोबर मी तिला काहीतरी वाचून दाखवायची. ती डोळे मिटून ऐकायची आणि एखाद्या पात्राचं वागणं पटलं नाही की बशीवर चमचा वाजवायची. ही कादंबरी दिवाळीच्या आधी सुरू केली होती. नायिका अजून माहेरीच होती.

“आज संपवून लवकर येशील?” मी विचारलं.

“बघू. वैजू सोडते का बघायचं.”

तिनं डोळे झाकणारं ते काळं टोपडं डोक्यावर चढवलं. माझा भाऊ मंदार त्याला हेडसेट म्हणायचा. आईनं पहिल्याच दिवशी त्याचं टोपडं करून टाकलं होतं. मागचा पट्टा तिनं अंबाड्याच्या खालून घेतला, बॅट म्हणून धरायचा तो प्लास्टिकचा मुठीसारखा तुकडा उजव्या हातात घेतला, आणि दोन्ही गुडघे किंचित वाकवून उभी राहिली. अंगात माझा जुना पंजाबी ड्रेस. अख्खं आयुष्य नऊवार नसली तरी पाचवार साडी सोडून दुसरं काही न नेसलेली माझी आई आमच्या हॉलच्या मधोमध, पंख्याखाली, कुणीतरी तिच्याकडे काहीतरी फेकणार आहे अशी उभी होती.

“आलीस काय गं कुमुद?” टोपड्यातून बारीक आवाज आला. तरणा, खणखणीत, जरासा बेळगावकडचा.

“आले की. तू नाक पुसून घे, आज तुला रडवणार आहे.”

कुमुद हे आईचं माहेरचं नाव, कुमुद रांगणेकर. ते मला माहीत होतं, पण मी कधी कानांनी ऐकलं नव्हतं. लग्नात आजीनं तांदळाच्या ताटात अंगठीनं सुहासिनी लिहायला लावलं, तेव्हापासून ती सुहासिनी. मामा तिला ताई म्हणायचा, आणि तोही आता नव्हता. आणि इथं ही कोण कुठली पोर, तिला रोज चार वाजता कुमुद म्हणत होती, वर अगं-तुगं करत होती.

टेबल टेनिसचं आम्हाला माहीतच होतं, पण एखाद्याला लहानपणी विषमज्वर झाला होता हे जसं माहीत असतं तसं. कॉलेजात असताना आईची आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड झाली होती. स्पर्धा जबलपूरला होती, आणि लग्नाची तारीख नेमकी त्याच आठवड्यातली निघाली. बाबा आल्या-गेल्याला हमखास सांगायचे, “जबलपूरचं तिकीट होतं हिचं. चुकून आमच्याकडे उतरली.” पाहुणे हसायचे. आई पोहे वाढत असायची, तीही हसायची.

मंदार हैदराबादला असतो. त्यानं स्वतःसाठी घेतलेलं ते यंत्र महिन्याभरात त्याला कंटाळवाणं झालं आणि दिवाळीला तो ते आईसाठी घेऊन आला. आधी त्यानं तिला समुद्र दाखवला, मग बर्फाचे डोंगर. आई “बरंय” म्हणाली आणि फोडणीला उठली. मग त्याला त्यात टेबल टेनिसचं टेबल सापडलं, पलीकडून दुसऱ्या गावचं कुणीही येऊन खेळायचं असं. मला तो क्षण नीट आठवतो. तिनं मूठ हातात घेतली, समोर पाहिलं, आणि तिची पावलं आपोआप एकमेकांपासून लांब झाली. घोट्यापासून वरती सगळं शरीर बदललं. मंदार टाळ्या वाजवू लागला. मी पापड तळायला गेले.

“हे आहे तरी काय नक्की?” मी त्याला नंतर विचारलं होतं.

“सोपं आहे, ताई. दोन डोळ्यांसमोर दोन चित्रं असतात, जराशा फरकाची. त्यामुळे खोली दिसते. तू मान जेवढी वळवशील तेवढंच चित्र वळतं. मेंदूला मग शंका घ्यायला जागाच राहत नाही. तो म्हणतो, मी इथंच आहे.”

“आणि खरं काय असतं समोर?”

“भिंगं. आणि प्लास्टिक.”

आभासी वास्तवावरची दोन पुस्तकं आमच्या लायब्ररीत आली होती. मी त्यांना नंबर घालून कपाटात लावली होती आणि त्यातलं एक वाचलंही होतं. तेव्हा मला ते कळलं आहे असंच वाटत होतं.

टीपॉय पार भिंतीला लावला त्या मंगळवारी मी आईचा चहा गाळून हॉलमध्ये नेला. एरवी झाकून ठेवायची, पण त्या दिवशी नेला. ती घामाघूम झाली होती आणि हसत होती. हे हसणं आमच्या घरात नव्हतं. आमच्याकडे ती तोंड मिटून हसायची, खांदे तेवढे हलायचे. हे घशातून यायचं, मोठं, थोडं बेशिस्त.

“हा चॉप होता? याला चॉप म्हणतात तुमच्या बेळगावात? आम्ही कोशिंबिरीला काकडी चोचवतो ती याच्यापेक्षा बरी असते!”

“मार की मग! बोलतीस नुसती!”

मी कप कपाटावर ठेवला. बशी वाजली.

“कोण आलं गं?” टोपड्यातून आवाज आला.

आई थांबली. तिचं तोंड माझ्याच दिशेला होतं. टोपड्याचा काळा चकचकीत चेहरा, त्यात आमच्या खिडकीचं प्रतिबिंब आणि त्या प्रतिबिंबात मी.

“कुणी नाही,” आई म्हणाली. “मांजर असेल. मी एकटीच असते की घरी.”

आमच्याकडे मांजर नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि माझा चहा उभ्यानं प्यायले. रात्री जेवताना आईनं मला वैजूच्या बॅकहँडबद्दल सविस्तर सांगितलं. मी “हं” म्हणत राहिले. वैजू तिच्या शाळेत पी.टी. शिकवते, शाळेतल्या टेबल टेनिसच्या टेबलावर मुलं जेवणाचे डबे ठेवतात, हेडमास्तरांना सांगून उपयोग नाही, असं बरंच काही. वैजूबद्दल मला एव्हाना खूप माहिती झाली होती. चेहरा माहीत नव्हता, तो मी माझ्या मनानं दिला होता. गोरी नाही, पण तरतरीत. दोन्ही गालांना खळ्या. त्या खळ्यांचा मला विशेष राग यायचा.

“भात घे अजून,” आई म्हणाली. “आज गप्प का?”

“दमलेय.”

“तू जरा हालचाल करत जा. दिवसभर बसून पाठ धरते मग.”

एवढंच. तो आमचा शेवटचा साधा दिवस.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा खेळ रंगात आला होता. टीपॉय तिनं स्वतःच ओढून भिंतीला लावला होता. मी हातपाय धुतले, आधण ठेवलं. स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं.

“दहा-नऊ,” वैजू म्हणाली. “आता सांभाळ गं कुमुद. घाबरतीस काय?”

“घाबरते कोण? थांब जरा. दम खाऊ दे.”

मग एक आवाज झाला. गव्हाचं पोतं टेकवल्यासारखा. आणि त्याच्या मागोमाग आईचा एक अगदी लहान उद्गार, कळवळल्याचा नव्हे, आश्चर्याचा.

मी धावले. ती कुशीवर पडली होती. टोपडं अजून डोळ्यांवर होतं आणि त्यातून वैजू विचारत होती, “कुमुद? अगं, गेलीस कुठं? कुमुद?” मी ते ओढून काढलं आणि बाजूला ठेवलं. आवाज बंद झाला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करावं लागलं आणि ते नीट झालं, डॉक्टर स्वतः बाहेर येऊन सांगून गेले. दुसऱ्या दिवशी आई उशाला टेकून बसली, दवाखान्याच्या सांज्याला नावं ठेवली, आणि मग एकाएकी तिला हसू आलं.

“टेबल नव्हतं गं,” ती म्हणाली.

“नसतंच ते, आई.”

“मला माहीत होतं. रोज माहीत असायचं.” तिनं डावा हात पुढे धरला आणि उलटसुलट करून पाहिला. “याला नव्हतं माहीत. खेळाडू दमला की असा हात टेबलावर टेकतो. पन्नास वर्षं झाली, तरी याची सवय जाईना.”

“बरं, आता पड.”

“वैजूला सांगशील?”

“काय?”

“मी गेम सोडली नाही म्हणावं. तिथं मधेच निघून गेलं की हरलं असं धरतात. दहा-नऊ होते. पुढं मी होते. सांगशील?”

“बरी झालीस की तूच सांग.”

“ते तर सांगेनच. पण तिला चारला यायची सवय आहे. वाट बघत उभी राहायची बिचारी.”

चारला आमचा चहा असायचा. मी तिच्या पांघरुणाचा कोपरा नीट केला.

त्याच्या पुढच्या सकाळी नर्स तिची वेणी घालत असताना तिला धाप लागली. रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, म्हणाले. मंदार पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेरावा झाला, माणसं पांगली. मंदार निघण्याच्या दिवशी टोपडं पिशवीत भरायला लागला.

“मी नेतो हे, ताई. मला बघवत नाही. मीच आणलं...”

“राहू दे.”

“कशाला?”

“एक निरोप द्यायचाय.”

ते चालू कसं करायचं, आत गेल्यावर काय दाबायचं, हे त्यानं मला दोनदा करून दाखवलं. जाताना दारात थांबला. “मधोमध उभी राहा. आणि कशालाही टेकू नको, हं?”

त्यानंतरचे काही दिवस मी तो निरोप मनात घोटत होते. खरं तर निरोप नव्हे, त्याच्या आधीचं वाक्य. ‘मी त्यांची मुलगी.’ ते कुठं घालायचं, सुरुवातीला की शेवटी, यावर मी विचार केला. एकदा वाटायचं, अगदी सहज म्हणावं. एकदा वाटायचं, आधी तिला कुमुद कुमुद करून बोलू द्यावं आणि मग म्हणावं. तो शब्द तिला कसा लागतो, हे मला बघायचं होतं. सांत्वनाला आलेल्या बायकांशी मी शांतपणे बोलत होते, त्यांना खडीसाखर देत होते, आणि आतून हे घोटत होते.

एका शनिवारी चारच्या सुमारास मी टीपॉय भिंतीला लावला आणि टोपडं घातलं. पट्ट्याला आईच्या माक्याच्या तेलाचा वास होता. मी थोडा वेळ अंधारात तशीच उभी राहिले. मग बटण दाबलं.

मला वाटलं होतं, मोठा पडदा असेल आणि मी त्याच्यासमोर असेन. तसं नव्हतं. पडदा नव्हताच. मी एका उंच छताच्या हॉलमध्ये उभी होते. लाकडी फरशी, उजवीकडे लांबलचक खिडक्या, त्यांतून येणारं तिरपं ऊन. समोर निळं टेबल, पांढऱ्या रेघा, ताणलेली जाळी. मी मागे वळून पाहिलं. मागेही हॉल होता. बाकं, दार, दारावर घड्याळ. मी खाली पाहिलं आणि दचकले, मला पाय नव्हते. फक्त उजवा हात होता आणि त्यात लाल बॅट. हात नितळ होता. शिरा नाहीत, डाग नाहीत, बांगड्या नाहीत. मनगटाला पांढरी पट्टी. टेबलाच्या माझ्या बाजूला वर नाव लिहिलेलं होतं: कुमुद.

किती वेळ गेला कळलं नाही. मग जाळीपलीकडे एक टोपी उगवली. टोपीखाली एक साधा, कुणाचाही असू शकेल असा चेहरा, आणि हवेत तरंगणारे दोन हात. गाल गुळगुळीत होते. खळ्या नव्हत्या.

“कुमुद!” आवाज मात्र तोच. “अगं, आहेस कुठं तू? मी रोज येऊन जाते की! जिंकायला आली असताना पळालीस व्हय? दहा-नऊला कोण पळतं?”

मी बॅट खाली घेतली.

“रुसलीस काय? बोल की.”

“मी कुमुद नाही,” मी म्हणाले.

हात थांबले.

“कुमुद... त्या गेल्या. महिना झाला. इथंच पडल्या. खुबा मोडला, मग गाठ झाली.”

तिचा बॅटचा हात हळूहळू खाली आला, आणि टेबलाच्या आरपार गेला.

“टेकली?” ती म्हणाली. “टेबलाला टेकली ना? मी तिला रोज सांगत होते हो. रोज. पहिल्या आठवड्यात मी स्वतः पडले होते. म्हणायची, तुझ्यासारखी नवशिकी आहे का मी.” तिचा चेहरा हसराच होता, कारण तो तसाच बनवलेला होता. आवाज फाटला होता. “दहा-नऊ होते. ती पुढं होती.”

“त्यांनी निरोप दिला होता. गेम सोडली नाही म्हणून सांग, म्हणाल्या.”

“सोडेल कशी? ती?” तिनं बॅट टेबलातून वर घेतली. “आणि कोण होतं हो तिच्याजवळ? एकटी राहायची बिचारी.”

“मी होते.”

“तुम्ही...” आता ते वाक्य म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. पण वैजूच म्हणाली, “रेल्वेतल्या मैत्रीण काय तुम्ही?”

“रेल्वेतली?”

“तिच्या ऑफिसातल्या. मिरजेच्या.”

“नाही,” मी म्हणाले. “मला... रेल्वेचं फारसं माहीत नाही. त्या बोलल्या नाहीत माझ्याशी.”

“मला सगळं सांगायची. दोन गेममध्ये दम खायला थांबलो की एक गोष्ट.” ती टेबलाच्या पलीकडे बसली असावी, टोपी एकदम खाली गेली. “जबलपूरची ऐकलीय का? पाच जणी गेल्या होत्या, बिनरिझर्व्हेशनच्या डब्यात. थंडी म्हणजे अशी, की बॅट पोटाशी धरून झोपायच्या. फायनलला बंगालची पोरगी होती, डावखुरी. एकवीस-एकोणीसनं हरली कुमुद. मी विचारलं, वाईट वाटलं काय गं? म्हणाली, हरलेल्या फायनलचं वाईट वाटत नाही, न खेळलेलीचं वाटतं.”

मी उभी होते. ऊन फरशीवर तसंच तिरपं पडलं होतं.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, खेळाच्या कोट्यातून रेल्वेत लागली. क्वार्टर मिळालं, एक खोली, दारात तगर. सुट्टीला एकटी कुठंही जायची, पास असायचा ना. कन्याकुमारीला जाऊन आली, तिथली गोष्ट तर...” ती थांबली. “तुम्हाला कंटाळा तर येत नाही ना?”

“सांगा.”

“एक स्थळ आलं होतं तिला. मुलगा बरा होता म्हणे, विनोदी होता. पण त्याची आई म्हणाली, आमच्यात सुनेचं नाव बदलतात. कुमुद म्हणाली, मग सूनच बदला.” वैजू हसली आणि हसता हसता तिनं नाक ओढलं. “माझं लग्न ठरलंय हो, मे महिन्यात. यांच्याकडंही तेच. ताटात तांदूळ, अंगठी, नाव. मी म्हटलं, माझं नाव वैजयंती आहे आणि वैजयंतीच राहणार. आमच्या घरी केवढा गोंधळ! आई आठ दिवस बोलत नव्हती माझ्याशी. मी म्हटलं, सांगलीला एक कुमुद रांगणेकर आहे, सत्तरीला आली तरी कुमुद रांगणेकरच आहे, तिचं काय अडलं? शेवटी आले वळणावर. पत्रिकेवर छापलंय, लग्नानंतरही तेच. तिला दाखवायची होती.”

मी मान वळवली. खिडक्या माझ्याबरोबर वळल्या. कितीही वळले तरी हॉल संपत नव्हता, कुठं शिवण दिसत नव्हती. या हॉलला कुठंतरी कड असेल, त्या कडेपलीकडे आमचा सोफा असेल, बाबांचा फोटो असेल, अशी माझी समजूत होती. आई इथं येऊन कुणा दुसऱ्या मुलीची आई होते, असं मी इतके दिवस धरून चालले होते. इथं ती कुणाचीच आई नव्हती. बाबा नव्हते, मंदार नव्हता, मी नव्हते. आम्हाला काढून टाकलेलं नव्हतं. आम्ही इथं अजून झालोच नव्हतो.

त्या मुलीचा हेवा तिथल्या तिथे विझला. त्याच्या जागी दुसरा आला, तो कुणाच्या नावावर टाकायचा हे मला कळेना.

“तुम्ही कोण, सांगितलंच नाही,” वैजू म्हणाली.

घोटलेलं वाक्य जिभेवर होतं. एका शब्दाचं काम होतं. तो म्हटला असता तर जबलपूरची गाडी सुटली नसती, तगर वाळली असती, मे महिन्यातली पत्रिका खोटी पडली असती. आणि त्या हॉलमध्ये मीही मोजली गेले असते.

“मी त्यांच्याकडे राहते,” मी म्हणाले.

“पेइंग गेस्ट?”

“तसंच.”

“बघा, बोलली नाही कधी. म्हणाली, मांजर आहे.” तिला पुन्हा हसू आलं, मग ओशाळली. “सॉरी हं. पण मग तुम्ही तिला घरात बघितलंय. मी नुसती टोपी आणि दोन हात बघितलेत. कशी होती हो ती? दिसायला?”

“उंच नव्हत्या,” मी म्हणाले. “डाव्या भुवईत एक बारीक व्रण होता. चहा बशीत ओतून प्यायच्या. बशी दोन्ही हातांनी धरायच्या. गोष्ट ऐकताना डोळे मिटायच्या.”

“गोष्ट? कोण सांगायचं?”

“मी. वाचून दाखवायचे.”

“अरे वा,” वैजू हळूच म्हणाली. “हे नाही सांगितलं तिनं मला.” ती उठली, टोपी वर आली. “एक विचारू? त्या दहा-नऊची तिची सर्व्हिस तशीच राहिलीय. तुम्ही करता का, तिच्या नावानं? नुसती एक.”

“मला खेळता येत नाही.”

“तिच्या घरात राहून? तिनं शिकवलं नाही?”

“नाही.”

“तुम्ही म्हणालात काय कधी, शिकव म्हणून?”

खिडकीबाहेर एक झाड हलत होतं. त्याचा आवाज येत नव्हता.

“नाही,” मी म्हणाले.

“मग तिला काय माहीत असणार?” वैजू म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, शिक्षिकेचा सूर होता. मग दूर कुठंतरी तिला कुणी हाक मारली, खरीखुरी, घरातून. “आले, आले! जाते हं मी. तुम्ही सांगितलंत, फार बरं केलंत. नाहीतर मी येतच राहिले असते.”

दोन्ही हात जोडले गेले. मग टोपी गेली, हात गेले, आणि जाळीपलीकडे कुणी उरलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी ते टोपडं पुन्हा घातलं नाही, पुढं मंदारही त्याचं नाव काढेनासा झाला. मे महिन्यात बेळगावला कुणाचं नाव काय राहिलं, मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी मी लगेच बाहेर पडले नाही. वैजू गेल्यावर मी टेबलाच्या त्या बाजूला उभी होते जिथं आई उभी राहायची, तिची पावलं असायची तशी माझी पावलं लांब केली, गुडघे वाकवले. चुकीचेच वाकले असतील. समोरची रिकामी बाजू उन्हात निळी दिसत होती. हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि आमच्या घरातही कुणी नव्हतं. एवढ्या वयाच्या बाईनं असं काही मोठ्यानं म्हणावं का, हा विचार मनात आला आणि गेला.

“कुमुद,” मी म्हणाले, “मला पण घे ना गं खेळायला.”